अनसाक्काची खुर्ची आणि म्हाळूचा अर्ज

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव म्हाळू. सांगितलं तेवढंच करायचा, पण अगदी मनापासून करायचा.

त्याची थोरली बहीण अनसाक्का. लहानपणीच पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. जीभ मात्र शाबूत राहिली. हातमशीनवर ती अख्ख्या गावाची झंपरं शिवायची. कुठं जायचं झालं की म्हाळू तिला पाठुंगळी घ्यायचा.

"वीस वर्षं तुझ्या खांद्यावरून गाव बघितलं," आक्का म्हणायची. "आता समोरून बघायचंय."

तालुक्याच्या शिबिरात तिला बॅटरीवरची खुर्ची मिळाली. तिथल्या बाईंनी पाच मिनिटांत सगळं समजावलं आणि म्हाळूला बजावलं, "खुर्चीला पाण्याचा थेंबसुद्धा लागू देऊ नका."

दुसऱ्याच दिवशी आक्का ऐटीत बाजाराला निघाली. वाटेत जोराची सर आली. म्हाळूनं आक्काला उचलून दगडावर बसवलं आणि खुर्ची ओढत देवळात नेली. खुर्ची कोरडी ठणठणीत. आक्का चिंब.

"अरे मेल्या, आधी माणूस बघायचं, मग खुर्ची!"

"आधी माणूस, मग खुर्ची," म्हाळूनं पाठ केलं.

चार दिवसांनी खुर्ची रस्त्यातच थांबली.

"चार्जिंग संपलं," आक्का म्हणाली. "गिरणीत ने आणि लाव."

म्हाळूला आठवलं, आधी माणूस. त्यानं आक्काला पाठुंगळी घेतलं, गिरणीत नेलं, बटणांच्या बोर्डाखाली बसवलं आणि तासभर उभा राहिला. गिरणीच्या घरघरीत आक्काच्या शिव्या त्याला ऐकूच आल्या नाहीत. गिरणी थांबल्यावर त्यानं विचारलं, "झालं का चार्जिंग, आक्का?"

आक्का डोक्यापासून पिठानं पांढरी झाली होती. "अरे, बंद पडलंय काय ते बघ की! बंद पडलं की मागून ढकलायचं. एवढं तरी लक्षात ठेव!"

म्हाळूनं लक्षात ठेवलं.

शाळेच्या गणवेशांचं काम आक्काला हवं होतं. ते घ्यायला ग्रामपंचायतीत हजर राहून सही करावी लागे. खुर्ची पंचायतीपर्यंत धावायची आणि तीन पायऱ्यांशी अडायची. पाठुंगळीवर चढायला आता आक्का तयार नव्हती.

"खुर्ची दिलीत, आता दारही द्या," असं तालुक्याला कळवून तिनं पायऱ्यांशेजारी उतार मागितला.

तालुक्याहून साहेब पाहणीला आले. वरच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "अनसूयाबाई, नवं तंत्रज्ञान गावोगाव पोचलंच पाहिजे. आता उताराचं म्हणाल तर, त्या बाबतीत आपण... त्या बाबतीत..."

आणि थांबले.

म्हाळूनं वाट बघितली. साहेब पुढं बोलेनात. बंद पडले, त्यानं ओळखलं. मागं गेला आणि ढकललं.

साहेब तिन्ही पायऱ्या एकदम उतरले.

पायऱ्यांचा त्रास काय असतो, ते त्यांना तिथंच कळलं. आठवड्यात उतार मंजूर झाला. पण लंगडत जाताना ते म्हाळूवर कडाडले, "माणसाला असा हात लावायचा नाही! आधी लेखी अर्ज करायचा. माझी सही घ्यायची. मग हात लावायचा!"

"अर्ज, सही, मग हात," म्हाळू पुटपुटला. त्या दिवसापासून तो खिशात कागद-पेन ठेवू लागला.

उतार झाला. पण बांधणाऱ्यानं तो इतका उभा बांधला, की शेळ्या वर बघून माघारी फिरायच्या.

उद्घाटनाला साहेब काठी टेकत आले. फीत बांधायच्या आधीच आक्काची खुर्ची कण्हत-कण्हत वर पोचली. आक्कानं सही ठोकली. साठ गणवेशांचं काम घेतलं. म्हाळूला भरून आलं. आपली रिकामी पाठ त्यानं खांबाला टेकवली.

खाली साहेब फितीसमोर उभे राहिले. वरून आक्का निघाली. तिनं ब्रेक दाबला. उतारानं जुमानलं नाही.

"म्हाळ्या, धर!"

म्हाळू धावला. हात पुढं केला. आणि थबकला. आक्का म्हणजे माणूसच की. तो तिथंच बसला आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागला: 'माननीय साहेबांस. विषय: बहीण खाली येत असून तिला धरण्याची परवानगी मिळणेबाबत.'

तोवर फीत तुटली होती. साहेब आक्काच्या मांडीवर बसले होते. खुर्ची दोघांना घेऊन मैदानापार गेली आणि शेणखताच्या ढिगात घुसली. आक्का खुर्चीत अडकली. साहेब उडून कमरेपर्यंत रुतले.

म्हाळू धापा टाकत पोचला. "साहेब, इथं सही."

साहेबांनी दात-ओठ खात सही केली. म्हाळूनं आक्काला अलगद उचलून बाहेर ठेवलं. अंग झटकून दिलं.

"आणि मी?" साहेब ओरडले.

म्हाळूनं अर्ज पुन्हा नीट वाचला.

"यात फक्त बहीण आहे, साहेब," तो म्हणाला. "तुमचा वेगळा करावा लागेल. कागद संपलाय, उद्या आणतो."