टिटवीचा बंद केलेला धडा

माळावरच्या एका मोठ्या तळ्याकाठी बगळे आणि पाणकावळे शेजारीशेजारी राहत. त्यांच्या पिलांची शाळा एकच होती आणि तिथे एक टिटवी शिकवत असे. मुलांनो, ही टिटवी पिलांना वारा ओळखायला शिकवी, तसा तळ्याचा इतिहासही सांगे. "पूर्वी इथे बगळ्यांचे राज्य होते. काळ्या पंखांनी पाणी बाटते, असे म्हणून त्यांनी पाणकावळ्यांना काठावरून हाकलले. कित्येक पिले उपाशी मेली."

हे कानावर येताच थोरल्या बगळ्याने सभा बोलावली. "आमची पिले मान खाली घालून घरी येतात. जे त्यांनी केलेच नाही, त्याची शिक्षा त्यांना कशाला?"

"त्यांचा काही दोष नाही, हे मी आधी सांगते. काय घडले, ते मग सांगते," टिटवी म्हणाली.

एक म्हातारी पाणकावळी हळूच म्हणाली, "माझी भावंडे त्यातच गेली. ती होती, एवढे तरी पिलांना कळू दे."

पण सभेत बगळेच जास्त होते. तो धडा बंद करायचा, असे ठरले. "मग शाळा तुम्हीच चालवा," असे म्हणून टिटवी उठली आणि पलीकडच्या उघड्या खडकावर शिकवू लागली. आधी पाणकावळ्यांची पिले आली, मग बगळ्यांचीही काही. थोरल्या बगळ्याची लेक तर वडिलांना सांगून आली. ते तिच्याशी बोलेनासे झाले, तरी ती येत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात तळे आटले. सारे मासे एका डबक्यात गोळा झाले. थोरला बगळा म्हणाला, "पाणकावळे बुड्या मारून पाणी गढूळ करतात. त्यांनी दुसरीकडे जावे." बरेच बगळे माना डोलावू लागले.

तेवढ्यात त्याची लेक पुढे आली. "बाबा, मागच्या वेळीही सुरुवात अशाच बोलण्याने झाली होती. त्यांना हाकलणार असाल, तर मीही त्यांच्याबरोबर जाते." ती पाणकावळ्यांमध्ये जाऊन उभी राहिली. खडकावर शिकलेली बगळ्यांची सगळी पिले तिच्यामागे गेली.

थोरल्या बगळ्याला समोर आपलीच लेक आणि आपलीच पिले उभी दिसली. मग बाजूला सरकून त्याने जागा करून दिली. तो उन्हाळा सगळ्यांनी अर्ध्या पोटी काढला, पण कुणाचेही पिलू दगावले नाही.

तात्पर्य : पूर्वी झालेला अन्याय मुलांपासून लपवला, तर तो पुन्हा सुरू होताना त्यांना ओळखता येत नाही, म्हणून तो जसा घडला तसा सांगावा आणि सांगणाऱ्याने मागे हटू नये.