पादेलोणाची जकात

एका नगरात सुभाना नावाचा एक शिपाई होता. अकरा वर्षे त्याने वेशीवर पहारा केला, चोर पकडले आणि जमादार होण्याची वाट पाहिली. पहाऱ्यावर जेवणाला वेळकाळ नसे, त्यामुळे त्याच्या पोटात सारखा गुबारा धरे. मग तो पेठेतल्या चंद्राक्काकडे जाई. ओवा, सुंठ, हिंग आणि पादेलोण कुटून केलेले तिचे चूर्ण चिमूटभर घेतले, वर कोमट पाणी प्यायले, की घटकाभरात पोट हलके होई. चंद्राक्का त्याच्याकडून पैसे घेत नसे. "तू जागतोस म्हणून आम्ही झोपतो," म्हणे.

त्या राज्यात मिठावर जकात होती, औषधावर नव्हती. जकात कचेरीतल्या एका शहाण्या जकातदाराने पादेलोण हा शब्द वाचला आणि त्यातले 'लोण' तेवढे पाहिले. लोण म्हणजे मीठ. झाले. जन्मात कधी स्वयंपाकघरात न डोकावलेल्या त्या माणसाने चंद्राक्काला नोटीस धाडली: वीस वर्षांची मिठाची जकात भरा, नाहीतर दुकानाला टाळे.

चंद्राक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोटीस घेऊन ती थेट न्यायाधीशांपुढे उभी राहिली. "हे मीठ असेल, तर ह्याच मिठाचं वरण करून जकातदारांना वाढा," ती म्हणाली.

न्यायाधीश म्हणाले, "चूर्ण खाल्लेला एखादा सरकारी माणूस साक्षीला आण. तो सांगेल ते मी मानीन."

चंद्राक्काने सुभानाचे नाव दिले. तिच्या मनात शंकाही आली नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी जकातदाराने सुभानाला बोलावले. "जमादाराची जागा रिकामी आहे," तो पान जमवत म्हणाला. "खोटं बोल असं मी म्हणत नाही. चूर्ण खारट लागतं, एवढंच सांग. पुढचं कुणी विचारलं तर बघू."

सुभानाला राग आला. पण अकरा वर्षे आठवली, आणि गिळू नये तो राग त्याने गिळला.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी विचारले, "चूर्ण कसं आहे?"

"खारट आहे," सुभाना जमिनीकडे पाहत म्हणाला. पुढे कुणी काही विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही. दुकानाला टाळे लागले.

जाताना चंद्राक्का त्याच्यापुढे थांबली. "खारट तर घामही लागतो, सुभाना," ती म्हणाली. "त्याच्यावरही बसव जकात."

सुभाना जमादार झाला. नवा पट्टा मिळाला, आणि त्याच दिवशी जकातदाराने त्याच्या हाती नोटिसांचा गठ्ठा ठेवला. निकाल बाजूने लागल्यापासून कचेरीला चेव चढला होता. खारट लागेल ते मीठ, असा नवा नियम निघाला होता. लोणचीवाले, सुके मासे विकणाऱ्या कोळिणी, कुणीच सुटले नव्हते. सुभाना घरोघर फिरला. लोक शिव्या घालत नोटीस घेत आणि त्याच्या तोंडावर दार लावत. गठ्ठ्यातली शेवटची नोटीस पापडखार घालून पापड लाटणाऱ्या एका म्हातारीला होती. ती सुभानाची आई होती.

आईला वाचता येत नव्हते. पिठाचे हात पदराला पुसत ती म्हणाली, "वाचून दाखव."

सुभानाने वाचले. पापड खारट, म्हणून ते मीठ. जकात भरा, नाहीतर पोळपाट-लाटणे जप्त.

आईचा चेहरा लाल झाला. "कुठल्या मेल्यानं सांगितलं हे? खाली नाव असेल ना त्याचं?"

नाव होते. सुभाना नोटिशीची घडी घालू लागला.

"वाच," आई म्हणाली. "मोठ्यानं वाच. गल्लीला कळू दे, कोण आहे तो."

सुभानाने वाचले, "आधार: सुभाना शिपायाची साक्ष."

तात्पर्य: स्वतःच्या लाभासाठी अर्धेच सांगितलेले खरे हे पुरते खोटे असते; आणि ते कुणाच्या दारात जाऊन उभे राहील, हे सांगणाऱ्याच्या हातात उरत नाही.