तीन पाकळ्या आणि दोन टेंगळं

समुद्रापासून दोन डोंगर आत, एका गावात दाजी मेस्त्री नावाचा सुतार राहत होता. हात असा की फणसाच्या फळीवर करवत धरली की रेघ सोडायची नाही. पण तीच करवत खाली ठेवली की या माणसाला साधं काही ठरवता यायचं नाही. आधी चहा घ्यावा की आधी आंघोळ करावी, इथपासून घोळ.

यावर दाजीने एक उपाय शोधून ठेवला होता. ऊठसूट रवळनाथाच्या देवळात जायचं आणि कौल लावायचा. कौल म्हणजे काय, तर गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपला प्रश्न देवाच्या कानावर घालतो आणि मग सगळे पाकळ्यांकडे बघत बसतात. उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. गावातले बाकीचे लोक लग्नकार्याला, फार तर जमिनीच्या तंट्याला कौल घेत. दाजीने मिक्सर घ्यायलासुद्धा घेतला होता. पोरीचं नावही कौलानेच ठेवलेलं, ऊर्मिला. घरात सगळे उमी म्हणत.

विहिरीचं तर विचारूच नका. परसात पूर्वेच्या अंगाला विहीर खणू का, असं दाजीने देवाला विचारलं. उजवी पाकळी पडली. तीस हात खणल्यावर खाली कोरडा कातळ लागला. दुसरा कोणी असता तर तोंड लपवून बसला असता. दाजी मात्र पाहुण्यांना मुद्दाम नेऊन ती विहीर दाखवी आणि छाती पुढे काढून सांगे, "देवान सांगितल्यान म्हणान खणलंय." त्याची बायको सरोज डोक्यावर एक आणि कमरेवर एक कळशी घेऊन खालच्या वाडीतून पाणी आणी. ती जाता जाता एवढंच म्हणे, "मगे आता त्या देवाक सांगा, पाणी पण तूच भर." त्यापुढे तिला काही बोलता येत नसे. नवऱ्याशी भांडता येतं, देवाशी कोण भांडणार?

अशा घरात उमीने डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत भरघोस मार्क काढले, आणि एक सोडून तीन कॉलेजांनी तिला जागा देऊ केली. पहिलं कॉलेज जिल्ह्याच्या गावात, एसटीने दीड तासावर. नवीन होतं, भिंतींचा रंग अजून ओला. दुसरं घाटावरच्या शहरात, मावशीच्या घराजवळ. तिसरं पार लांब. रेल्वेत एक रात्र काढावी, वर एक दिवस काढावा, तेव्हा ते शहर येणार. पण कॉलेज जुनं, दवाखाना भला मोठा आणि दारात रोज हजारभर रोगी. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत कुठल्या तरी एका ठिकाणी होकार कळवायचा होता. नाही कळवला तर तिन्ही जागा दुसऱ्यांना जाणार होत्या आणि उमीची दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

दाजीच्या मनात काय होतं ते मीच सांगून टाकतो, कारण त्याने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याला पोर जवळ हवी होती. शनिवारी दुपारच्या एसटीने यावी, सोमवारी सकाळच्या एसटीने जावी. एकुलती एक लेक, त्यात वावगं काय होतं? पण तोंडाने तसं बोललो आणि उद्या त्या कॉलेजात काही कमी पडलं, तर 'बापाने पाय ओढला' हे जन्मभर ऐकावं लागेल. त्यापेक्षा देवाने बोलावं. देव जवळचंच कॉलेज सांगणार याची दाजीला खात्री होती. देवसुद्धा उमीला लहानपणापासून ओळखत होता.

आता तुम्ही म्हणाल, त्या पोरीला कोणी विचारलं की नाही? विचारलं तर. सरोजने सरळ विचारलं, "उमी, तुका खयचा व्हया?"

उमी म्हणाली, "देव सांगात ता."

सरोजने कपाळाला हात लावला. पोरीने बापाचं नाक घेतलंय हे तिला ठाऊक होतं. खोडही घेतलीय हे तिला त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी बापलेक देवळात गेले. बाबी गुरव साठीचा, किडकिडीत आणि तोंडाचा फटकळ माणूस. मानकरी म्हणून तात्या परब आले होते. तात्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. आपल्या गावची डॉक्टरीण जिल्ह्याच्या ठिकाणी असावी, म्हणजे एसटीत बसलं की गुडघे दाखवून संध्याकाळी परत, असा त्यांचा साधा हिशेब होता.

बाबीने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, बारा गावच्या धन्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दाजी आणि तात्या म्हणाले.

"ह्या दाजी मेस्त्र्याचा चेडू डॉक्टर होवक निघाला हा म्हाराजा. तेका जिल्ह्याच्या कॉलेजात धाडूचा मनात आसा. थय शिकवणारे पुरे आसत काय, हॉस्टेलात पाणी वेळेर येता काय, डाळीत डाळ असता काय, ता सगळा तुका ठाव. बरा असात तर उजवी दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

उजवी पाकळी टपकन पडली. दाजीचा चेहरा उजळला. तात्यांनी समाधानाने गुडघ्यावरून हात फिरवला. दाजी घंटा वाजवायला उठलाच होता, तेवढ्यात उमी हळूच म्हणाली, "बाबीकाका, बाकीच्या दोघांचा पण विचारा."

नाही कसं म्हणणार? बाबीने घाटावरच्या कॉलेजाचं विचारलं. उजवी पडली. लांबच्या कॉलेजाचं विचारलं. उजवी पडली. चौघेही एकमेकांकडे बघू लागले. देवाने आजवर अशी खैरात कधी केली नव्हती.

"झाला तर," बाबी म्हणाला. "तिनय कॉलेजा बरी आसत. आता खयचा ता तुमी ठरवा."

"आमी?" दाजीला घाम फुटला. "आमी कसे ठरवतलाव?"

त्याने बाबीची इतकी मनधरणी केली की बाबीने कंटाळून आणखी तीन पाकळ्या लावल्या. देवाच्या उजव्या खांद्यावर जवळच्या कॉलेजाची, छातीवर घाटावरच्या कॉलेजाची आणि डाव्या खांद्यावर लांबच्या कॉलेजाची. जी आधी पडेल ते कॉलेज. ठरलं.

पण पाकळ्या पडेनात. अर्धा तास झाला. तास झाला. गाऱ्हाणं पुन्हा घातलं, धूप घातला, उदबत्ती लावली. तिन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. तात्या खांबाला टेकले आणि तोंड उघडं टाकून घोरू लागले. "मी नैवेद्याक पाणी घेवन येतंय," असं म्हणून बाबी कळशी घेऊन देवळामागे गेला.

दाजी गाभाऱ्याच्या चौकटीच्या उजव्या बाजूला बसला होता. आत फक्त गुरवाने जायचं, त्यामुळे त्याने उंबरठा ओलांडला नव्हता. तो एकटक उजव्या खांद्याकडे बघत होता. त्या पाकळीची कड जराशी सुटल्यासारखी दिसत होती. दाजीच्या मनात आलं, एक फुंकर. फुंकर म्हणजे तरी काय, वाराच की. वारा कोणाचा? देवाचा. म्हणजे पाकळी देवानेच पाडली, असं म्हणायला हरकत नाही. त्याने तात्यांकडे बघितलं. तात्या घोरतच होते, उमी पलीकडच्या भिंतीआड होती, दिसत नव्हती. दाजीने श्वास घेतला, दोन्ही गाल फुगवले आणि चौकटीच्या आडून मान झटकन आत घातली.

चौकटीच्या डाव्या बाजूनेही एक मान त्याच क्षणी झटकन आत आली होती.

खाडकन आवाज झाला. दाजीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. डोळे उघडून बघतो तर समोर उमी. कपाळ एका हाताने धरलेलं आणि गाल अजून फुगलेले. दोघांनी एकमेकांकडे बघत तोंडातली हवा हळूहळू सोडली. पाकळ्या होत्या तिथेच होत्या.

"तू खयच्या पाकळयेर फुंकणार होतंस?" दाजीने विचारलं.

"डाव्या खांद्याच्या," उमी म्हणाली.

डावा खांदा म्हणजे एक रात्र आणि एक दिवस.

"नि तुमी?"

"उजव्या."

बाबी गुरव कळशी घेऊन दारात उभा होता. त्याने दोघांच्या कपाळांकडे पाहिलं. तिथे सारखीच टेंगळं आली होती.

"म्हणजे दोघांकय ठाव आसा काय व्हया ता," तो म्हणाला. "मगे माझ्या देवाक दोन तास कित्याक तिष्ठत ठेवलास?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. दाजी म्हणाला, "चुकला तर, बाबी? माझ्या सांगण्यान पोर गेला आणि चुकला तर?"

उमीने मान खाली घातली. "माका पण तीच भीती. देवान सांगितल्यान तर चुकला तरी माका कोण बोलूचा नाय."

बाबीने कळशी खाली ठेवली. "दाजी, फळयेर करवत घालतंस तेव्हा माका बोलावणा धाडतंस?"

"नाय."

"फळी फुकट गेली तर चूक कोणाची?"

"माझी."

"नि म्हणान तुझो हात सुधारलो. नायतर त्या विहिरीसारखो कोरडो ऱ्हवलो असतो." मग तो उमीकडे वळला. "आणि तू गो. उद्या डॉक्टर होशात. एकादो माणूस तुझ्या म्होरे आडवो पडलेलो असतलो. तेचो पाय कापूचो काय ठेवूचो, ता तेवढ्यात ठरवचा असतला. तेव्हा पाकळी खय लावतलंस? तेच्या कपाळाक?"

उमीला हसू आलं आणि लगेच ते गेलंही. तिने टेंगूळ चोळलं. मग म्हणाली, "मी लांबच्या कॉलेजात जातलंय. थय रोज हजार रोगी येतत. माका तऱ्हेतऱ्हेचे रोगी बगूचे आसत. इतक्या लांब एकट्यान ऱ्हवाची भीती वाटता. पण जातलंय."

दाजीने लेकीकडे नीट पाहिलं. आज पहिल्यांदा तिने स्वतःच्या तोंडाने काही मागितलं होतं. त्यालाही मग आपलं मनातलं बोलून टाकावंसं वाटलं.

"माका तू जवळ व्हया होतंस," तो म्हणाला. "दर शनिवारी एसटी स्टँडार येवन उभो ऱ्हवणार होतंय. तू गेलंस काय घर खावक उठतला." त्याने बाहीने नाक पुसलं. "पण तू जा. ह्या मी सांगतंय. देवाचा नाव घेवचा नाय."

या गडबडीत तात्या जागे झाले. "काय झाला? पडली काय?"

"पडली नाय," बाबी म्हणाला. "तुमी गुडघ्यांचा दुसरीकडे बगा."

बापलेक देवळाच्या पायऱ्या उतरून गेले. बाबी नैवेद्य घेऊन गाभाऱ्यात शिरला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत उजव्या खांद्यावरची पाकळी अलगद खाली आली. जवळच्या कॉलेजाची. बाबीने ती उचलली आणि तुळशीच्या मुळात टाकली.

"उशीर केलंस, म्हाराजा," तो देवाला म्हणाला. पुढे ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही.

सोमवारी पाचची वाट न बघता उमीने दुपारी दोनलाच होकार कळवला. आठ दिवसांनी ती गाडीत बसली. गाडी सुटल्यावर सरोज रडली आणि दाजी तिच्यापेक्षा जास्त रडला.

महिन्याभराने एका दुपारी उमीचा फोन आला. तिकडे ऊन भाजून काढतं, जेवणात माशाचा वास नाही की सोलकढी नाही, मुडद्यांच्या खोलीतून आल्यावर दोन घास खाली उतरत नाहीत. दाजीने फोन कानाला घट्ट धरला.

"मगे रडतंस काय गो?"

"पयले चार दिवस रडलंय," उमी म्हणाली. "पण कोणाच्या नावान रडू ता कळना नाय, बाबा. कॉलेज मीच घेतलंय. म्हणान मगे गप अभ्यासाक बसलंय. परवा पयल्यांदा एका बाईची नाडी बगूक दिल्यानी."

फोन ठेवल्यावर दाजी परसात गेला. मग त्याने कुदळ घेतली आणि पश्चिमेच्या अंगाला, जिकडे सरोज गेली चार वर्षं बोट दाखवत होती, तिकडे स्वतःच जागा ठरवून खूण केली. देवळात गेला नाही.

वीस हातांवर पाणी लागलं. मात्र दाजीने नेमकी गोठ्याच्या वाटेवरच विहीर खणली होती, त्यामुळे आता सरोजला गोठ्यात जायला अख्ख्या घराला वळसा पडू लागला. त्यावरून ती त्याला चांगले चार दिवस बोलली. गेल्या चार वर्षांचं साचलेलंही तिने त्यातच उरकून घेतलं. दाजीने खाली मान घालून सगळं ऐकलं, आणि पाचव्या दिवशी गोठ्याला दुसरं दार पाडून दिलं.

तात्पर्य: आपला निर्णय आपणच घ्यावा; तो चुकला तर निदान दुरुस्त करणारा माणूस घरातच सापडतो.