परमुलखातला रुसवा

आपल्याकडचा एक तांबट दूर उत्तरेच्या मुलखात एका गावात जाऊन राहिला होता. नाव नारोबा. हंडे घडवायचा, कढयांचे पोचे काढायचा. हातात कसब होतं, म्हणून पोटाला कमी नव्हतं. तिथली भाषाही तो शिकला. पण दुकान बंद केलं की बोलायला माणूस नाही. लोक वाईट नव्हते. समोर आला तर हात हलवायचे आणि आपल्या वाटेने जायचे. सगळा हिवाळा नारोबाने भिंतीशी बोलून काढला. भिंतीशी माणूस किती बोलणार?

त्याच्या शेजारी बारनाक नावाचा पाववाला होता. त्याच्या मुलीचं, युलिकाचं लग्न ठरलं. बारनाक दुकानाच्या दारात येऊन म्हणाला, "नारोबा, रविवारी लग्न आहे. सकाळीच ये." एवढंच. अक्षत नाही, नारळ नाही. तरी नारोबा हरखला. इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणी घरी बोलावलं होतं. आता या मुलखात आपलंही एक घर होईल, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने ठेवणीतलं पागोटं काढलं आणि रविवारी उजाडताच जाऊन उभा राहिला.

पाय धुवायला पाणी येईल, बसायला पाट येईल, अशी त्याची समजूत. बारनाकने त्याला कडकडून मिठी मारली आणि लगेच कमरेला बांधायला एक फडकं दिलं.

"हात धू. ती बघ कणीक. लाग मळायला."

अंगणात भल्यामोठ्या लाकडी परातीत लग्नाच्या पावाची कणीक मळणं चाललं होतं. सगळे कोपरापर्यंत पिठात. नवरी मुलगीसुद्धा. कोणी कोणाच्या नाकाला पीठ लावत होतं, कोणी गात होतं.

नारोबाच्या कपाळाला आठी पडली. लग्नाला बोलावून कामाला जुंपतात? मान ताठ करून तो म्हणाला, "मी पाहुणा आहे."

परातीभोवतीचं हसणं एकदम थांबलं. बारनाकने फडकं परत घेतलं. "बरं," म्हणाला. आतून उंच पाठीची खुर्ची आणली, ओट्यावर ठेवली आणि नारोबाला तिच्यावर बसवलं.

नारोबा खूश झाला. पण थोडाच वेळ. जो तो समोरून जाताना वाकून नमस्कार करायचा आणि पुढे सटकायचा. सगळी मजा परातीपाशी, आणि हा ओट्यावर देवासारखा एकटा. देवाला निदान नैवेद्य तरी मिळतो.

तोही आला म्हणा. बारनाकची म्हातारी आई, इल्का आजी, थाळी घेऊन आली. गरम पाव, त्यावर लोण्याचा गोळा, वाडग्यात मटणाचा रस्सा. वास असा की पोटातले कावळे जागे व्हावेत.

"घेतोस?" आजीने विचारलं.

"नको, नको," नारोबा म्हणाला.

आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतंच. खाणाऱ्याने हाताने पान झाकायचं आणि वाढणाऱ्याने बोटांच्या फटीतून वाढायचं. पण आजीने मान डोलावली आणि थाळी घेऊन परातीकडच्यांना वाढायला गेली. त्या मुलखात एकदा नको म्हटलेल्याला पुन्हा विचारत नाहीत. पुन्हा विचारणं म्हणजे तू खोटं बोलतोस असं तोंडावर सांगणं.

झालं. नारोबा रुसला.

आता लग्नात रुसणं हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. कुणाला उपरणं हलकं मिळालं, कुणाला विडा उशिरा दिला, की मामा निघाले वेशीकडे. मग सगळं वऱ्हाड मागून धावतं. हाताला धरतं, पाया पडतं, वाजतगाजत परत आणतं. मामांनाही ठाऊक असतं की आणणार आहेत. म्हणून तर ते हळू चालतात.

नारोबाही हळू चालत गोठ्यामागच्या अक्रोडाच्या झाडाखाली जाऊन बसला. पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. तोंड भिंतीकडे केलं.

युलिकाने त्याला जाताना पाहिलं. ती मागोमाग आली. "काय झालं, नारोबा?"

"काही नाही. मला एकटं राहू द्या. आणि तो तुमचा ढोल. डोकं उठलंय माझं."

"बरं," युलिका म्हणाली आणि गेली.

नारोबा वाट पाहत बसला. कोणी येईना. पोटात आग पडली, त्याहून जास्त मनात. उद्या दुकानाला कुलूप, त्याने ठरवलं. हत्यारं बांधायची आणि घरचा रस्ता धरायचा. इथे मेलो तरी कोणी विचारणार नाही.

तेवढ्यात पावलं वाजली. नारोबाने घाईघाईने तोंड आणखी वाकडं केलं. पण आलेल्यांनी हाक मारली नाही. झाडाला दोर बांधून त्याच्याभोवती घोंगड्या टांगल्या, त्याला चारी बाजूंनी झाकलं आणि चवड्यांवर चालत निघून गेले.

आता मात्र नारोबाला राहवेना. बराच वेळ गेला. ढोल नाही, गाणं नाही, कुणाचा आवाज नाही. लग्नघर आहे की काय आहे? त्याने घोंगडी सारली, गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि डोकावला.

अंगणात लग्न ऐन रंगात आलं होतं. बिनआवाजाचं. ढोलावर रजई घातली होती. नवरा-नवरी जोडे हातात घेऊन अनवाणी नाचत होते. बायका टाळ्या वाजवत होत्या, पण हात एकमेकांना लागू देत नव्हत्या. एकाने कुत्र्याचं तोंड धरून ठेवलं होतं. एका म्हाताऱ्याला शिंक आली, तर तो नाक दाबून शेताकडे पळाला. आणि बारनाक, नवरीचा बाप, तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करत फिरत होता.

नारोबा तसाच अंगणात घुसला. "अरे, हे काय चाललंय?"

"हळू बोल," बारनाक कुजबुजला. "तुझं डोकं उठलंय ना?"

"म्हणून ढोल बंद केलात? पोरीच्या लग्नात?"

"तूच म्हणालास," युलिका म्हणाली.

नारोबाला हसावं की रडावं कळेना. "अगं पोरी, मला एकटं नव्हतं राहायचं. मी रुसलो होतो!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्या भाषेत रुसण्याला शब्दच नव्हता; नारोबाने आपल्याकडचाच वापरला होता. इल्का आजी पुढे आली. "म्हणजे काय करत होतास?"

"म्हणजे... मला यायचं होतं. पण तुम्ही न्यायला यावं, म्हणून तिकडे जाऊन बसलो होतो."

"यायचं होतं तर यायचंस. पाय आहेत ना?"

"आणि मला भूक लागलीय," नारोबा ओरडला. "सकाळपासून उपाशी आहे मी!"

"मग नको का म्हणालास, वेड्या? आणि कणकेत हात का नाही घातलास? ती कणीक मळायला आम्ही घरच्यांनाच बोलावतो. बारनाकने तुला बोलावलं, तर तू म्हणालास पाहुणा. त्याचा चेहरा बघितलास का?"

नारोबाने बारनाककडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "चुकलो. द्या ते फडकं."

"कणीक संपली," आजी म्हणाली. "खरकटी भांडी आहेत. घासतोस?"

"घासतो! पण आधी वाढा."

असा हशा पिकला की कुत्रं सुटलं आणि भुंकत सुटलं. ढोलावरची रजई उडाली. नारोबा इतका जेवला की धोतराची गाठ सैल करावी लागली. मग बाह्या सारून त्याने कढया घासल्या, आणि युलिका येऊन त्याच्या नाकाला पीठ लावून गेली.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, आजी कुठे आहे?

इल्का आजी अक्रोडाखाली बसली होती. तोंड भिंतीकडे.

"आई, काय झालं?" बारनाकने विचारलं.

"काही नाही. मला एकटं राहू द्या."

"बरं," म्हणून बारनाक वळला, तशी नारोबाने त्याची मानगूट धरली. "अरे बैला, आता जायचं नसतं! हाताला धर. पाया पड. नाही म्हणाली तरी हलू नको."

मग सगळं वऱ्हाड आजीच्या भोवती जमलं. मुलाने हात धरला, नातीने गळ्यात हात टाकले, नव्या जावयाने पाय धरले. आजी नाही नाही म्हणत राहिली आणि गालातल्या गालात हसत राहिली. एवढ्या आयुष्यात तिची कोणी अशी मनधरणी केली नव्हती. शेवटी तिला खांद्यावर बसवून, ढोल बडवत अंगणात आणलं. सगळ्यांत पुढे नारोबा नाचत होता.

तात्पर्य: परक्या घरी गेलात तर मनात असेल ते तोंडाने सांगा. समोरच्याला आपली रीत ठाऊक नाही, एवढ्यावरून त्याला आपली माया नाही असं धरून बसू नये.