सोपानचा ओढा

"…मग डोह गेला कुठं, बुवा?"

भालचंद्ररावांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. भैरूबुवा ओढ्याकाठच्या आपल्या मठीसमोर बसले होते. वय नव्वदीचं, पण कान ठणठणीत. उत्तर द्यायचं नसलं की मात्र त्यांना काही ऐकू येत नसे.

भालचंद्रराव पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. फाट्यावर एसटीतून उतरून लहानपणीच्या वाटेनं दोन कोस चालत आले होते. याच ओढ्यात ते आणि त्यांचा जिवलग मित्र सोपान मासे धरत. पोरांना हा उद्योग शिकवला बुवांनीच. पण स्वतःच्या गळ्यात माळ असल्यानं बुवा धरलेले मासे परत सोडायला लावत. पोरांना त्याचा भारी राग यायचा.

"वर बंधारा झालाय. गाळानं डोह भरला असणार," भालचंद्ररावांनी स्वतःच उत्तर दिलं. "पाण्यातलं मला कळतं. जन्मभर तेच केलं."

"मग मला कशापायी इचारतोस?"

"सोपान गेल्याचं कळलं," भालचंद्रराव म्हणाले.

"दोन म्हैनं झालं. त्यानं हातरूण धरलं तवापास्नं हिकडं कुनी फिरकत न्हाई."

"अंथरुणावरून त्यानं तीनदा निरोप धाडला होता. ये म्हणून. दर वेळी माझं काही ना काही निघालं…"

भालचंद्ररावांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलं परदेशात. चार खोल्यांत दिवसभर स्वतःच्याच चपलांचा आवाज. ओढ्यावर गेलं तर बरं वाटेल, म्हणून ते आले होते. इथं तर जास्तच एकटं वाटत होतं.

बुवा उठले. दोरीवरचं धोतर ओढून घेतलं आणि पाण्यात उतरले.

"ये."

धोतरानं मासे धरायचे तर माणसं दोन लागतात. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, धोतर तळाला टेकवायचं आणि गप उभं राहायचं. 'उचल' म्हणायची सोय नाही. आवाजानं मासा उधळतो.

भालचंद्ररावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. चार-पाच पिटुकले मासे धोतरावर आले. त्यांनी झटकन टोकं उचलली. मासे बुवांच्या बाजूनं पसार झाले.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"कुठं बघतोस?"

"माशांकडं."

"आन सोपान असायचा तवा?"

भालचंद्ररावांचे हात सैल पडले. तेव्हा त्यांनी पाण्याकडं कधी बघितलंच नव्हतं. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत. एकाची भुवई हलली की चारी हात एकदम वर.

त्यांनी मान वर केली. समोर सोपान नव्हता. दाढी वाढलेला, थकलेला एक म्हातारा होता, आणि तो मघापासून त्यांच्याकडंच बघत होता.

भालचंद्रराव ओढ्यात उभ्याउभ्या ढसाढसा रडले.

"मी यायला हवं होतं, बुवा."

"व्हय."

त्या एका शब्दानं ते आणखीच खचले. बुवा 'जाऊ दे' म्हणतील, अशी कुठंतरी आशा होती.

"आता माफी मागू कुणाकडं?"

बुवा पायानं तळ चाचपत काठावर आले. धोतरातून पाणी गळत होतं.

भालचंद्ररावांनीही काठावर येऊन डोळे पुसले, चपला पायात सरकवल्या. "निघतो, बुवा. शेवटची एसटी चुकायची."

बुवांनी धोतराची दोन टोकं त्यांच्यापुढं धरली.

"हे धर. वल्लं धोतर एकट्याला पिळवत न्हाई."