कावळ्याने घातलेली भर

पक्ष्यांना लिहिता येत नव्हतं, पण विसरता छान येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. सगळे आपली माहिती घुबडाच्या ढोलीत सांगून ठेवत. साळुंकीने मात्र ती शेजारच्या कावळ्याकडूनही पाठ करून घेतली आणि त्याची आपण पाठ केली.

एके दुपारी तिच्या डोक्यात कवठ पडलं. वर घार घिरट्या घालत होती, घरट्यात पिल्लं एकटी होती, आणि घरटं कुठं तेच तिला आठवेना. ती ढोलीकडे धावली.

"दिवसा बंद," घुबड डोळे मिटूनच म्हणालं.

मग ती कावळ्याकडे गेली. त्याने मात्र घडाघडा सांगितलं, "साळुंकीचं घरटं चिंचेच्या शेंड्याला. पिल्लं दोन, दिसायला यथातथाच."

"यथातथा? हे मी कधी सांगितलं, मेल्या?"

"ती मी भर घातली, ताई. माहिती अपुरी वाटली."

साळुंकीने घारीच्या आधी पिल्लं गाठली, पंखाखाली घेतली, नीट न्याहाळली. दुरुस्ती मात्र तिनं कळवली नाही.