राणीने प्यायलेला मिऱ्यांचा काढा

पूर्वी चंपावती नगरात दृढकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दक्षिणेकडच्या एका डोंगराळ गावात वैद्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव सोमिल. त्या गावात झाडाझाडावर मिऱ्यांचे वेल चढलेले असत. तान्ह्या मुलाची छाती कफाने भरली की तिथे मुलाला औषध देत नसत. मिरे, पिंपळी आणि सुंठ यांचा काढा आई प्यायची आणि दुधातून त्याचा गुण मुलाला यायचा. एवढ्याशा जिभेवर मिरपूड ठेवणे त्या लोकांना निर्दयपणाच वाटे.

पुढे सोमिलाच्या हातगुणाची कीर्ती चंपावतीपर्यंत गेली. राजाच्या तान्ह्या मुलाची छाती घरघरत होती आणि ते दूध ओढेनासे झाले होते. राजाने सोमिलाला बोलावले आणि मूल बरे झाल्यास राजवैद्य करीन, असा शब्द दिला. सोमिलाने मूल तपासले, काढा उकळला आणि राणीकडे पाठवला.

राणी बिचारी डोळे मिटून तो तिखटजाळ काढा पीत राहिली. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाही. तिची स्वतःची जुनी सर्दी तेवढी पळाली. मुलाची घरघर मात्र वाढतच गेली.

राजाचा धीर सुटला. मुलाला पाजणाऱ्या कौमुदी दाईच्या दुधातच दोष आहे, असे अमात्याने त्याच्या मनात भरवले. तिला राज्याबाहेर घालवायचे ठरले आणि वैद्याचा दुजोरा हवा म्हणून सोमिलाला सभेत बोलावले. कौमुदी एका बाजूला उभी होती. जाण्याआधी बाळाला एकदा जवळ घेऊ द्या, एवढेच ती म्हणत होती.

सोमिल चमकला. त्याने अमात्याला हळूच विचारले, "मुलाला दाई पाजते?"

"राजकुळात राणी कधी पाजते का? तुम्हाला ठाऊक नव्हते?" अमात्य म्हणाला. मग सारे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने आवाज आणखी खाली आणला. "आता गप्प राहा. नवी दाई येतेच आहे, काढा तिला पाजा. मूल बरे होईल, दोष हिच्या माथी जाईल आणि तुमचे पद कुठे जात नाही."

सोमिलाला कौमुदीकडे पाहवेना. त्याला स्वतःची फार लाज वाटली. तो पुढे झाला आणि म्हणाला, "महाराज, हिच्या दुधात दोष नाही. दोष माझा आहे. मुलाला कोण पाजते हे मी विचारलेच नाही. आमच्याकडे प्रत्येक आई आपल्या मुलाला पाजते, म्हणून मी काढा राणीसाहेबांना दिला."

राजा संतापला. "माझ्या मुलाचे प्राण कंठाशी आले आहेत, आणि हे तू आता सांगतोस?"

"मला आताच कळले, महाराज. शिक्षा खुशाल द्या. पण आधी हिला काढा पिऊ द्या, वेळ जातो आहे."

राजाने होकारार्थी मान हलवली. कौमुदीने एका दमात काढा संपवला आणि बाळाला उराशी घेतले. त्याला थेंब थेंब दूध पाजत ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी बाळाला मोठा ठसका आला, साठलेला कफ सुटला आणि ते अधाशासारखे दूध पिऊ लागले. सगळ्या राजवाड्याच्या जिवात जीव आला. राणी रडता रडता हसली. "म्हणजे इतके दिवस माझे तोंड उगाचच पोळले म्हणायचे," ती म्हणाली.

कौमुदी राजवाड्यातच राहिली. राजाने सोमिलाला शिक्षा केली नाही. पद मात्र दिले नाही, आणि त्यानेही ते मागितले नाही. हलक्या मनाने तो आपल्या डोंगराकडे निघाला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आपला भिक्षू उग्गसेन. कौमुदी म्हणजे आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी भिक्षुणी नंदवती. ते मूल म्हणजे आज पहाटेच संघात आलेला हा श्रामणेर, आपला बालभिक्षू. अमात्यही इथेच बसला आहे. त्याचे नाव घेत नाही, त्याला कळले आहे. वैद्य मीच होतो. औषध मला पहिल्या दिवसापासून माहीत होते, तरी मूल मरणाच्या दारी गेले. 'माझे चुकले' हे म्हटल्यावर ते वाचले. सत्य पारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात ती हीच."